खोकला ऐकायला खालापूरला

निघण्याआधी

माणसं देव बघायला जातात, समुद्र बघायला जातात. मी पोराचा खोकला ऐकायला गेले.

आमचं गाव खानदेशात. गावाच्या उगवतीला कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे. आमच्याकडे सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्याला दुपारपर्यंत राखेचा रंग येतो. उन्हाळ्यात पापड-बिबडे घातले की त्यांच्यावर जुनी साडी पसरावी लागते, तरी खाताना दाताखाली करकरतंच. माझे यजमान एका ठेकेदाराकडे कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायला जायचे. शेवटची चार वर्षं ते खोकत होते. पाहुणे आले की खोकला गिळायचे. डोळ्यांत पाणी यायचं, आवाज यायचा नाही. नदीवरच्या महादेवाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायचे आणि मला म्हणायचे, "तू दमलीस. जरा थांब." मी दमलेली नसायचे. पण थांबायचे.

दिगंबर हा माझा थोरला मुलगा, आता बावन्न वर्षांचा. पंचवीस वर्षांपासून तो कर्जतच्या पलीकडे, खालापूर तालुक्यात, एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात जनरेटर चालवतो. वीज गेली की डिझेलचं इंजिन सुरू करायचं, वीज येईपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. सात-आठ वर्षं फोनवर त्याचा खोकला ऐकू यायचा, अगदी बापाचा. आधी कोरडा, शेवटी शिट्टी. मी त्यावर कधी बोलले नाही. बोलून खोकला जात नाही.

दिवाळीनंतर खोकला ऐकू येईना. एक रविवार गेला, चार गेले, होळी गेली. सुनेला विचारलं तर म्हणाली, "बरे आहेत ते." मला काय समजायचं ते समजलं. बापाचं पोरगं, फोन हाताने झाकत असणार.

म्हणून एप्रिलात निघाले. शेजारणी म्हणाल्या, हे गुडघे घेऊन कुठं जातेस. गुडघे घरी ठेवता आले असते तर ठेवले असते. बरोबर दोन लुगडी घेतली, यजमानांचं एक जुनं धोतर घेतलं आणि बिबड्यांचं पीठ घेतलं. ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवायची, दळायची. मग त्या पिठाचा लसूण, मिरची, तीळ घालून घट्ट घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर थापून उन्हात टाकायचा. दिगूला लहानपणी वाळलेल्यापेक्षा ओला घाटाच जास्त आवडायचा.

कर्जत

गाडीतल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. बसले आणि उतरले.

दिगू फलाटावर उभा होता. लांबून मी त्याला ओळखलंच नाही. तव्यासारखा काळा पडला होता, गालफडं बसली होती. पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्या शर्टाचा वास घेतला. या पोराच्या शर्टाला पंचवीस वर्षं डिझेलचा वास. गावी येऊन गेला की उशीच्या अभ्र्याचा वास दोन धुण्यांत जायचा नाही. आता शर्टाला साबणाचा वास होता. बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली. मला ते काही बरं दिसलं नाही.

"खोकला कसा आहे?" मी फलाटावरच विचारलं.

"नाय आता."

"नाही कसा? खोकला काय भाडेकरू आहे, खोली सोडून जायला?"

तो हसला. हसताना खोकला येतो, म्हणून मी लक्ष देऊन ऐकलं. आला नाही. पण हसला थोडाच, तेवढा दाबता येतो.

स्टेशनाबाहेर डोंगरातली एक ठाकरीण पळसाच्या पानांचे द्रोण मांडून करवंदं विकत होती. दिगूने एक द्रोण घेतला. तिने मला वर-खाली बघून विचारलं, "कुठली गं तू आजी?" मी खानदेश म्हटलं. तिने खानदेश ऐकलेला नव्हता. म्हणाली, "लांब असंल," आणि द्रोणावर आणखी एक मूठ टाकली. लांबून आलेल्याला जास्त द्यायचं, हा तिचा हिशेब मला आवडला. आमच्याकडे लांबून आलेल्याला कमी देतात, कारण तो परत भांडायला येत नाही.

टेंपोत बसून निघालो. इकडची माती तांबडी आणि डोंगर असे की वरून कोणी सुरीने कापून सपाट केले आहेत. पण डोंगर नीट दिसत नाहीत. रस्त्याच्या कडेला बंगल्यांच्या जाहिरातींचे मोठे फलक आहेत आणि त्यांच्यावर त्याच डोंगरांची चित्रं. डोंगरापुढे फलक, फलकावर डोंगर. दिगूला म्हटलं, यांनी फलक काढले तरी चालेल की. तो म्हणाला, "माय, मग विकणार काय?" त्याच्या बोलण्यात आता इकडचं हाय-नाय शिरलं आहे. मला मात्र अजून माय म्हणतो.

आवार

रुग्णालयाच्या आवारात पाच मोठ्या इमारती आहेत. रुग्णालय, शिकणाऱ्या डॉक्टरांचं कॉलेज, नर्सिंगच्या पोरींचं वसतिगृह, आणि कामगारांच्या खोल्यांच्या दोन इमारती. फाटकावर पहारेकऱ्याने माझी पिशवी उघडायला लावली आणि पिठात बोट घातलं.

"हे काय हाय?"

"पीठ."

"कसलं?"

"बिबड्याचं. आता बोट घातलंस तर चाखून बघ."

त्याने खरंच चाखलं आणि तोंड वाकडं केलं. ते पीठ आंबटच असतं.

फाटकाच्या आत एक फलक आहे, त्यावर दिव्याचे आकडे सारखे बदलतात. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला वाचता येतं. गच्च्यांवर आज किती वीज तयार झाली आणि किती कार्बन वाचला, असं लिहिलं होतं. मी पहारेकऱ्याला विचारलं, कार्बन म्हणजे काय. तो म्हणाला, "काय नाय आजी, धूर." दिगू घाईने म्हणाला, "चल गं, ऊन लागतंय."

अठरा वर्षांपूर्वी नातीच्या बारशाला मी इथं आले होते. तेव्हा तासन् तास जनरेटर घुमायचा आणि त्याच्या खोलीवरची भिंत चुलीमागच्या भिंतीसारखी काळी होती. या वेळी कोकिळा ऐकू येत होती.

"तुझा जनरेटर गप्प आहे," मी म्हटलं.

"वीज गेली नाय आज."

दिगूच्या दोन खोल्या तळमजल्यावर आहेत, अंधाऱ्या. सून कल्पना रुग्णालयात वॉर्डात मावशीचं काम करते. नात पनवेलला शिकायला राहते. संध्याकाळी जेवताना मी दिगूकडेच बघत होते. मुद्दाम ठेचा जाळ केला होता. ठसका लागला तर मागून खरा खोकला बाहेर पडतो. दिगूने पाणी मागितलं, कल्पनाला ठसका लागला, मला लागला, त्याला लागला नाही.

"जरा पाठ कर इकडे," मी म्हटलं. ह्यांच्या पाठीला कान लावायचे तसा लावणार होते.

"माय, मी काय लहान हाय?" म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. ताट उचलायची सवय त्याला कधीच नव्हती. ती चूक माझी.

पहाटे पाचला तो निघून गेला. कल्पना चहा ठेवत होती. मी विचारलं, "पहाटे पाचला जनरेटर कुठला असतो?" ती चहाकडे बघत बसली. चहात बघण्यासारखं काही नव्हतं.

मग मला वाटलं, हा इथं कामाला जात नाही. हा इथं रोगी आहे.

दुसऱ्या दिवशी गुडघे दाखवायला म्हणून मी कल्पनाबरोबर रुग्णालयात गेले. गुडघ्याच्या डॉक्टरने वजन कमी करा असं सांगितलं. ते आमच्या गावातला न्हावीसुद्धा सांगतो. परत येताना मी कल्पनाला वॉर्डात जाऊ दिलं आणि एकटी छातीच्या विभागाकडे गेले. बाकांवर माणसं बसली होती. एकेकाचं तोंड पाहिलं. सगळे खोकत होते, प्रत्येकाचा खोकला वेगळा. दिगू नव्हता. तरी मी तिथं तासभर बसले. एका बाईने विचारलं, तुमचा नंबर कितवा. माझा नंबर नाही म्हटलं, मी वाट बघते आहे.

गच्ची

तिसऱ्या दिवशी घाटा शिजवला. बसून काळजी करण्यापेक्षा बिबडे झालेले बरे. पण इकडची हवा दमट. खोलीपुढच्या ओट्यावर ऊन नाही आणि कपडेसुद्धा दोन दिवस ओले राहतात. कल्पना कामावर गेली होती. मी पातेलं घेऊन जिना चढायला लागले. तीन मजले, दर मजल्यावर बसत, पाणी आणि फडक्यासाठी दुसरी खेप. गच्चीच्या दाराला नुसती कडी होती.

दार उघडलं आणि मला वाटलं, ही सोय कोणी बिबड्यांसाठीच केली आहे. गच्चीभर काळ्या काचेचे मोठे पाट, रांगेने, एका बाजूला उतरते, दक्षिणेकडे तोंड करून मांडलेले. नुकतेच धुऊन पुसलेले. बोट फिरवलं, काही लागलं नाही. काच कोमट होती. खालची कड गुडघ्याएवढी, म्हणजे वाकायलाही नको. आमच्याकडे अशी जागा असती तर बायांनी नंबर लावले असते. सौर वीज मी ऐकून होते. पण आमच्याकडे शेतात ती पंपाला लावतात, दोन-चार पाट उंच खांबावर, तिथं हात पोचत नाही.

साडी वर टाकायची सवयीने आठवण झाली. मग वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. चाळीस-पन्नास उन्हाळ्यांत पहिल्यांदा मी उघडे बिबडे टाकले. हात पोचेल तिथपर्यंत एक रांग पुरी केली आणि दुसरी धरली.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. आधी एक पोरगी आली, डोक्याला रुमाल आणि वर टोपी, हातात मोबाइल. तिच्यामागे पाण्याचा पाइप खांद्यावर घेतलेली पन्नाशीची बाई. त्यांच्यामागे गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, लांब काठीचा मऊ ब्रश खांद्यावर टाकलेला माणूस. तो माणूस माझा दिगू होता.

पोरगी बघतच राहिली. "आजी, हे काय आहे?"

"बिबडे. हात लावू नकोस, ओले आहेत."

पाइपवाली बाई खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. "दिगूभाऊ, तुमची आई ना ही? नाकावरून कळतंय."

दिगू पुढे आला. "माय, अगं हे वाळवणाचं नाय. हे सोलर हाय."

"उन्हावरच चालतं ना? मग त्यातलं थोडं बिबड्यांना दिलं तर काय बिघडलं?"

त्या पोरीने नीट समजावून सांगितलं. तिचं नाव सना. शिळफाट्याला तिच्या वडलांचं दुकान आहे आणि ती इथल्या सगळ्या गच्च्यांची इंजिनिअर आहे. म्हणाली, "आजी, शेतात पाटाचं पाणी सोडता ना? मध्ये कोणी एका ठिकाणी माती टाकली तर पुढच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी अडतं. तसंच आहे. एका काचेवर सावली पडली की अख्खी रांग बसते. मला खाली मोबाइलवर दिसलं, दिगूकाकांच्या रांगा पडल्या. मला वाटलं वायर जळली."

हे मला कळलं. पाणी अडवणाऱ्या माणसाशी मी स्वतः भांडलेली आहे.

"आणि तू इथं काय करतोस?" मी दिगूला विचारलं. "जनरेटरपाशी कोण आहे?"

पाइपवाल्या बाईनेच सांगितलं. तिचं नाव रंजना, भिसेगावची. "जनरेटर झोपलाय आजी. सोलर आलं, बॅटऱ्या आल्या, आता वादळवाऱ्यातच काय तो उठतो. दिगूभाऊ आता आमच्यात हायत. आमी सहा जणी काचा धुवायला आणि हे. आमी यांना सातवी जाऊबाई म्हणतो."

दिगूचे कान लाल झाले. बावन्न वर्षांच्या माणसाचे.

"घरी कधी स्वतःचं ताट धुतलं नाहीस," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगितलं नाय."

बिबडे काचेला चिकटले होते. ज्वारीचा घाटा वाळायला लागला की खळीसारखा धरतो. मी उलथनं आणते म्हटलं तर तिघंही एकदम नाही म्हणाले. काचेला ओरखडा चालत नाही. ओली फडकी बिबड्यांवर टाकून वाट बघायची, मग बोटाने सोडवायचे. काच तापलेली असेल तर गार पाणीही एकदम ओतायचं नाही, तडकते. म्हणून ही मंडळी पहाटे येतात. पाचचं कोडं तिथं सुटलं.

सनाला तिच्या वहीत लिहायचं होतं, रांगा का पडल्या. ती पेन घेऊन विचार करत बसली. "पक्ष्यांची घाण लिहिते."

"खोटं कशाला? बिबडे लिही."

"साहेब विचारतील बिबडे म्हणजे काय."

"मग त्यांना चार देईन, वाळल्यावर."

तिने लिहिलं. पातेल्यात उरलेला घाटा मी तेल घालून तिच्या आणि रंजनाच्या हातावर ठेवला. दोघींनी उभ्यानेच खाल्ला. रंजनाने तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी मला दिली. उकड काढून करतात, गोरी आणि मऊ. पण पोटात टिकत नाही, तासाभरात भूक लागली. सोबत सुकट होती, ती मी परत केली. मला तो वास सोसत नाही. तिला राग आला नाही. म्हणाली, "तुमचा आंबट घाटा मी खाल्ला ना? मग तुमी एक घास खावा." खाल्ला. वासाइतकी चव वाईट नाही.

मी सनाला विचारलं, "ही जी वीज होते, ती आमच्याकडची कोळशाची लागत नाही, असंच ना?"

"हो. जेवढी इथं झाली तेवढी तिकडून कमी घ्यावी लागते. तेवढा कोळसा जळत नाही."

"मग इथं काच धुतली की आमच्याकडे राख कमी पडते?"

ती विचार करून म्हणाली, "पडते. पण तुमच्या अंगणात दिसणार नाही इतकी कमी."

बरीच माणसं म्हाताऱ्या बाईला बरं वाटेल असं बोलतात. ही पोरगी नाही बोलली. मला आवडली.

ती आणि रंजना दुसऱ्या गच्चीवर गेल्या. मी आणि दिगू काचांच्या मागच्या सावलीत बसलो, फडकी मुरायची वाट बघत.

"खोकला कधी गेला?"

"धुरातून बाहेर पडल्यावर तीन-चार महिन्यांनी. एकदम नाय गेला. कमी कमी होत गेला."

"सांगायचंस की."

"तू कधी विचारलंस?"

ते खरं होतं.

"आणि गावात काय सांगू? पोरं म्हणतात दिगूअण्णा ऑपरेटर हाय, मोठ्या दवाखान्यात. आपरेशन चालू असताना वीज गेली की डॉक्टर माझ्याकडे माणूस पळवायचे. आता कोण पळत येतंय? काच धुतो म्हणून सांगू?"

मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "मला वाटलं तू फोन झाकतोस."

तो बुटांकडे बघत राहिला. "आधी झाकायचो. सात-आठ वर्षं. तुला जेवढा ऐकू यायचा तेवढा बोटांतून निसटलेला असायचा. आता झाकत नाय."

मी उठून फडकं उचललं. बिबडा मऊ झाला होता, सबंध निघाला. एकेक करत आम्ही दोघांनी सगळे सोडवले. तो ब्रशने घासत पुढे, मी फडक्याने पुसत मागे. त्याचा हात चांगला चालतो. कडा सोडत नाही, कोपऱ्यात पाणी ठेवत नाही. मी तसं सांगितलं. त्याने पुढची काच दोनदा पुसली.

शेवटी म्हणाला, "घे, लाव कान." आणि पाठ करून बसला.

मी कान लावला. ह्यांच्या पाठीत लोहाराचा भाता चालायचा. दिगूच्या पाठीत खोल कुठेतरी एक बारीक शिट्टी होती, डाव्या बाजूला. आत हवा जात होती, येत होती. वर्षातून एकदा इथले डॉक्टर कामगारांना नळीत फुंकायला लावतात, त्याचा कागद त्याने मला नंतर दाखवला. जे गेलं ते परत येत नाही, पण पुढे जायचं थांबलं आहे, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते. कागदापेक्षा मला कान जास्त कळतो. दोन्ही एकच सांगत होते.

जनरेटरची खोली

बिबड्यांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. काही भिजून फुटले होते, ते चिमण्यांना टाकले. बाकीच्यांसाठी दिगू म्हणाला, "माझ्या खोलीवर टाकू." म्हणजे जनरेटरच्या.

त्याने आधी मला आतून ती खोली दाखवली. इंजिन बैलाएवढं. त्याच्यावर एक स्वच्छ कापड घातलेलं, दिगूनेच. आठवड्यातून एकदा थोडा वेळ सुरू करावं लागतं, नाहीतर गंजतं. ते काम अजून त्याच्याकडेच आहे. बोलता बोलता त्याने त्याच्या अंगावर थाप मारली. ज्या इंजिनाने छाती खाल्ली त्याच्यावर याचा जीव आहे. माणसाचं असंच असतं. हेसुद्धा वाघिणी आल्या की नात्यागोत्यातलं माणूस आल्यासारखे उठायचे.

खोलीचं छत सिमेंटचं, बसकं, लोखंडी शिडीने चढण्यासारखं. मी खालीच थांबले. दिगूने वर जाऊन यजमानांचं धोतर पसरलं, त्यावर बिबडे मांडले. शेजारी धुराचं नळकांडं. भिंत चुन्याने पांढरी केली होती, आता कुठे काळं नव्हतं.

"वर साडी टाकू?" त्याने वरून विचारलं.

"राहू दे. बघू."

चार दिवस ऊन लागलं. इकडच्या हवेत दोन दिवस जास्तच लागतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिगूने धोतराची चारी टोकं धरून खाली उतरवलं. मी बिबडे डब्यात भरले आणि धोतर उन्हात उभं धरून पाहिलं. मिरचीचे चार डाग होते. बाकी पांढरं. हे धोतर यजमानांनी नेसलेलं असताना इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. घडी घालून पिशवीत ठेवलं.

सनाच्या साहेबांना चार बिबडे पाठवले. सनाला जास्त दिले. तिने मला तिच्या आईने केलेली तांदळाची सांदणं आणून दिली, वाफवलेली, गोडसर, मऊ. रंजनाने फक्त विचारलं, "जाऊबाईला घेऊन चाललात की ठेवून?" परवाच्या जयंतीला नातवाला खांद्यावर घेऊन नाचली म्हणून तिचे खांदे अजून दुखत होते. मी तिला तेल चोळून दिलं.

परत

येऊन दीड महिना झाला. गल्लीतल्या बायांना बिबडे भाजून दिले. सगळ्या कुरकुर खात होत्या आणि मध्येच थांबून एकमेकींकडे बघत होत्या. काय चुकतंय ते त्यांना कळेना. दाताखाली काही आलं नाही, एवढंच. दिगू काय करतो असं त्यांनी विचारलं. सोलरच्या काचा धुतो, मी सांगितलं. एक जण हसली. तिला दुसरा बिबडा दिला नाही.

रविवारी त्याचा फोन येतो. आम्ही पूर्वी बोलायचो तेवढंच बोलतो. कधी कधी मागे पाण्याचा आवाज असतो आणि रंजनाची टवाळी.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. त्याचं काम बघायचं म्हटलं. खरं म्हणजे जिना बघायचा होता. पाठीला कान लावून बसलेल्या माणसाची छाती कळते, चढणाऱ्याची कळत नाही. दिगूच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या, कारण पाइपला गळती लागली होती. तो पुढे, मी कठडा धरून मागे. तो बोलत होता. नातीची परीक्षा, कल्पनाची रजा, पावसाळ्यात काचा आपोआप धुतल्या जातात म्हणून तेव्हा सहा जणींना दुसरं काम काय द्यायचं. पहिला मजला झाला. दुसरा झाला. त्याचं बोलणं तुटलं नाही.

तिसऱ्याच्या आधीच्या वळणावर तो थांबला. बादल्या खाली ठेवल्या आणि मागे वळून म्हणाला, "माय, तू दमलीस. जरा थांब."

ह्यांचेच शब्द. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं. श्वास रोखून कान दिला. त्याचा श्वास ऐकूच येत नव्हता, कारण जिन्यात दुसराच श्वास मोठ्याने वाजत होता.

मी पायरीवर बसले. या वेळी खरंच मीच दमले होते.